बाईकसाठी जीपीएस घेताना आधी स्वतःचा ट्रॅक टाकून बघा, बाकी सगळं नंतर

बाईकसाठी जीपीएस युनिट घ्यायचं म्हटलं की स्क्रीन किती इंची, बॅटरी किती तास, ब्लूटूथ आहे का, इथूनच बहुतेकांची सुरुवात होते. माझ्या मते हे सगळं नंतरचं. आधी एकच बघायचं, तुम्ही दिलेली जीपीएक्स फाइल (वाटेचे ठिपके नि रेघा साठवणारी फाइल) ते युनिट जशीच्या तशी दाखवतंय की स्वतःच्या मनाने रस्ता बदलून टाकतंय. डांबरीवर हे फारसं जाणवत नाही कारण एक वळण चुकलं तरी पुढे दुसरं असतंच, पण एकदा कच्च्याला लागलात की सगळी मदार यावरच. मी हँडलवर फोन लावून चालवलंय, टॅब्लेट लावून चालवलंय, बाईकसाठीचं खास युनिट लावूनही चालवलंय, आणि रस्ता नि ऑफरोड दोन्ही करणाऱ्या कुणी विचारलं तर मी आजतरी गार्मिन कंपनीचं झूमो एक्सटी हे बाईकचं युनिट सांगतो आणि फोन खिशात राखीव. पण नुसतं "हे घ्या" म्हणून भागत नाही, तुमचं चालवणं माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं, म्हणून का ते नीट लिहितो.

तर आधी ट्रॅक आणि रूट, कारण इथे भलेभले गोंधळतात. जीपीएक्स फाइलमध्ये तीन प्रकारचा माल असतो. वेपॉइंट म्हणजे एक सुटा ठिपका, पंप, पाणी, मुक्काम असं काहीही. रूट म्हणजे मोजके ठिपके, आणि दोन ठिपक्यांच्या मधला रस्ता युनिट आपल्याकडच्या नकाशावरून स्वतः काढतं. आणि ट्रॅक म्हणजे आखून दिलेली किंवा कुणीतरी खरंच चालवलेली रेघ, शेकडो हजारो ठिपक्यांची, त्यात युनिटला काहीच ठरवायचं नसतं, ते फक्त रेघ दाखवतं. आता गंमत बघा, एकच रूट फाइल दोघांनी आपापल्या युनिटमध्ये टाकली आणि दोघांचे नकाशे वेगळे असले, किंवा एकाने सेटिंगमध्ये कच्चे रस्ते टाळा असं ठेवलं असेल, तर दोघांना दोन वेगळे रस्ते मिळतात, आणि फाट्यावर उभं राहून माझं बरोबर की तुझं हा वाद सुरू होतो. ट्रॅक टाकला असता तर दोघांच्या स्क्रीनवर तीच रेघ आली असती.

रूटमध्ये आणखी एक भानगड आहे. ठिपके दोन तऱ्हेचे असतात, एक जिथे पोचलंच पाहिजे असा व्हाया पॉइंट आणि दुसरा नुसता रस्ता हवा तिकडे वळवून घेण्यापुरता शेपिंग पॉइंट. व्हाया पॉइंट गावातल्या एखाद्या गल्लीत चुकून पडला आणि तुम्ही बायपासने पुढे गेलात की युनिट तुम्हाला कितीतरी वेळ मागे फिरा मागे फिरा म्हणत राहतं. म्हणून जे काही घ्याल त्यात दोन गोष्टी हव्यातच, एक म्हणजे पुढचा पॉइंट वगळण्याचं बटण हाताशी पाहिजे, आणि दुसरं म्हणजे रस्ता सोडला की परत हिशोब करायचा की नाही हे आपण ठरवता आलं पाहिजे. झूमो एक्सटीमध्ये हे तीन प्रकारे ठेवता येतं, आपोआप, विचारून किंवा पूर्ण बंद. डांबरीवर विचारून आणि कच्च्यावर बंद, असं मी ठेवतो आणि मला हेच सगळ्यात बरं वाटतं.

कच्च्यावर नेमकं काय लागतं ते सांगतो. तुम्ही फूटपेगवर उभे आहात, खाली सैल खडी, नजर पुढे पंधरा-वीस मीटरवर, आणि स्क्रीनकडे बघायला मिळतो तो अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात दोनच गोष्टी कळल्या पाहिजेत, मी रेघेवर आहे का आणि रेघ पुढे कुठे वळतेय. मग रेघ जाड पाहिजे, तिचा रंग नकाशातल्या रस्त्यांच्या रंगात मिसळता कामा नये, आणि बाकीचं सगळं, म्हणजे वेगाचे आकडे, पोचायची वेळ, हॉटेलांची चिन्हं, हे बाजूला काढून टाकता आलं पाहिजे. कानात आवाज नसला तरी चालतं, कारण ट्रॅकला वळणाच्या सूचना बहुतेक वेळा नसतातच.

आणि खरी परीक्षा असते ती फाट्यावर. दोन वाटा फुटतात, सुरुवातीला दोन्ही जवळजवळ समांतर, तुम्ही थांबता, झूम करता, आणि नकाशा आपला गरागरा फिरायला लागतो. याचं कारण असं की जीपीएसला दिशा कळते ती तुम्ही हलत असलात तरच, आधीच्या आणि आत्ताच्या जागेवरून ते तोंड कुठे आहे ते ठरवतं, उभं राहिलात की त्याला काही पत्ता नसतो. ज्या युनिटमध्ये इलेक्ट्रॉनिक कंपास आहे ते उभं असतानाही दिशा धरून राहतं, ज्यात नाही त्यात मी सरळ नॉर्थ अप करून टाकतो, म्हणजे उत्तर कायम वर, नकाशा हलत नाही, बाण तेवढा फिरतो. सवयीला थोडा वेळ लागतो पण फाट्यावर डोकं शांत राहतं. अजून एक सेटिंग, लॉक ऑन रोड, म्हणजे तुमचा बाण जवळच्या रस्त्यावर ओढून बसवणं. डांबरीवर छान, पण वाट रस्त्याला समांतर जात असेल तर बाण रस्त्यावर आणि तुम्ही नाल्यात असा प्रकार होतो, तेव्हा कच्च्यावर हे बंदच पाहिजे. युनिट घ्यायच्या आधी हे बंद करता येतं का ते विचारून घ्या.

आता फोन. फोनवाल्यांचं म्हणणं मला पटतं, फोन हातात आहेच, नकाशे फुकट, स्क्रीन झकास, मग वेगळं कशाला. आणि एक गैरसमज आधी दूर करतो, फोनच्या जीपीएसला नेटवर्क लागत नाही, सॅटेलाइटचा सिग्नल तो सरळ घेतो. नेटवर्क असलं तर पहिला फिक्स, म्हणजे आपली जागा, लवकर मिळतो एवढंच, कारण कुठला सॅटेलाइट कुठे आहे ही माहिती त्याला नेटवरून आयती मिळते. नेट नसेल तर ती सॅटेलाइटकडूनच घ्यावी लागते, एका सॅटेलाइटची नेमकी कक्षा कळायला साधारण ३० सेकंद, आणि सगळ्या सॅटेलाइटची ढोबळ यादी पूर्ण यायला १२.५ मिनिटं. म्हणून फोन बराच काळ बंद ठेवून एकदम लांब कुठेतरी चालू केला की तो थोडा चाचपडतो, बिघडलेला नसतो, त्याला मोकळ्या आभाळाखाली थोडा वेळ द्या. अचूकतेलाही फोन कमी नाही, मोकळ्या आभाळाखाली साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो, वाट धरून चालायला एवढं पुरतं.

मग फोन का नको? तर तो कशासाठी बनवलाय हे बघा. अॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं की मोठ्या मोटरसायकल इंजिनाच्या व्हायब्रेशनने आयफोनच्या कॅमेऱ्याची कामगिरी खालावू शकते, कारण चित्र स्थिर ठेवायला आणि फोकस करायला आतलं लेन्सचं असेंब्ली हलतं ठेवलेलं असतं आणि ते सततच्या थरथरीने खराब होतं. हे फक्त आयफोनचं नाही, ज्या फोनच्या कॅमेऱ्यात तशी यंत्रणा आहे त्या सगळ्यांना धोका तोच. व्हायब्रेशन डॅम्पनर असलेलं माउंट मिळतं, क्वाड लॉकचं आहे, एसपी कनेक्टचं आहे, रोजच्या शहरी चालवण्याला ते लावून फोन वापरा, मी नाही म्हणत नाही. पण दिवसभर खडखडाटावर महागडा फोन टांगायला माझं मन होत नाही. दुसरं म्हणजे ऊन. आयफोन वापरायचं कंपनीने दिलेलं तापमान ०ते ३५ डिग्री आहे, आणि उन्हात, चार्जिंगला लावलेला, फुल ब्राइटनेसवर असलेला फोन त्याच्या पुढे सहज जातो. मग फोन स्वतःला वाचवायला आधी ब्राइटनेस कमी करतो, म्हणजे कडक उन्हात जेव्हा उजेड सगळ्यात जास्त लागतो नेमका तेव्हाच स्क्रीन काळवंडते, आणि वायरलेस चार्जिंग असेल तर गरमी आणखी. तिसरं पाऊस. ओल्या स्क्रीनला थेंबच बोटं वाटतात, नकाशा आपोआप सरकतो, झूम होतो, आणि चार्जिंगच्या पोर्टमध्ये पाणी दिसलं की फोन चार्जिंग घ्यायचंच बंद करतो.

आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट, पडलात तर. ऑफरोडला बाईक आडवी होणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण हँडलवरचा फोन फुटला तर नकाशा, संपर्क आणि मदत बोलावायचं साधन तिन्ही एकदम गेलं. हे एकच कारण मला पुरेसं आहे. फोन अंगावर, आतल्या खिशात, कोरडा, चार्ज केलेला पाहिजे.

गूगल मॅप्सबद्दल दोन ओळी, कारण त्याच्यावर भिस्त ठेवणारे खूप आहेत. पत्त्यावर जायला, ट्रॅफिक बघायला, उघडा पंप शोधायला त्याच्या तोडीचं काही नाही आणि ते मी रोज वापरतो. पण जीपीएक्स ट्रॅक टाकून त्यावरून नेव्हिगेट करायची सोयच त्यात नाही, एका प्रवासात जास्तीत जास्त नऊ थांबे देता येतात, म्हणजे आपण ठरवलेल्या आडवाटेने त्याला नेणं अवघड, आणि ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवला तरी वाट शोधणार ती गाडीची. कच्च्याचं काम त्याचं नव्हेच. ते काम ऑसमअँड, लोकस मॅप, गाया जीपीएस या अॅपचं. रस्त्यावरची वळणावळणाची मजा हवी असेल तर कुर्विगर किंवा कॅलिमोटोवर रूट आखा, फार सुंदर रस्ते शोधून देतात, आणि तिथून जीपीएक्स काढून युनिटला द्या.

आता झूमो एक्सटी. हे २०२० मध्ये आलं, ५.५ इंची स्क्रीन, १२८० बाय ७२० रिझोल्यूशन, आणि याची खरी ताकद म्हणजे उजेड, साधारण १००० निटच्या घरात (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक). सूर्य पाठीशी असला आणि ऊन थेट काचेवर पडलं तरी रेघ दिसते, हेल्मेटची काळी काच खाली असली तरी दिसते, आणि फोनसारखं तापून मंद होण्याची चिंता कमी कारण ते याच कामासाठी बनवलंय. ग्लोव्हज घालून चालतं, आणि हे नुसतं लिहायला म्हणून नाही, जाड चामड्याच्या ग्लोव्हच्या अंगठ्याने, हँडलवरून हात पूर्ण न उचलता प्लस-मायनस दाबता येतात, बटणं मोठी आहेत आणि एकमेकांपासून लांब आहेत. पावसात थेंबांनी नकाशा क्वचितच सरकतो. आडवं-उभं दोन्ही लावता येतं, आणि ट्रॅकसाठी मी म्हणेन उभंच लावा, पुढची वाट जास्त लांबपर्यंत दिसते आणि बाजूचा नको तो भाग कमी होतो.

ट्रॅक टाकायला सोपं, केबलने किंवा फोनच्या अॅपमधून, मग यादीतून निवडायचा, नकाशावर दाखवा म्हणायचं, रंग निवडायचा, झालं. एकाच वेळी बरेच ट्रॅक वेगवेगळ्या रंगात दाखवता येतात, तर मी मुख्य वाट एका रंगात आणि पाऊस झाला, ओढा भरला तर निघायची वाट दुसऱ्या रंगात ठेवतो, आणि हे मी प्रत्येकाला करायला सांगतो. ट्रॅकचा ट्रिप बनवून वळणाच्या सूचनाही घेता येतात पण कच्च्यावर मला नुसती रेघच आवडते. रस्त्यावर अॅडव्हेंचरस राउटिंग म्हणून सोय आहे, वळणं किती, चढउतार किती, मोठे हायवे किती टाळायचे हे सरकवून ठरवायचं. चांगलं चालतं, पण लांबच्या प्रवासाला ते फार वेळखाऊ रस्ते देतं तेव्हा दिवसाचा हिशोब आधी लावा.

याच्या उणिवाही सांगतो. स्पीकर नाही, आवाज हवा तर हेल्मेटला ब्लूटूथ हेडसेट पाहिजेच, आणि फोन, युनिट, हेडसेट तिघांची जोडी जमवणं हा एक कार्यक्रमच असतो, तो निघायच्या आदल्या दिवशी घरी करा, बाईकजवळ उभं राहून नको. बॅटरी कंपनीच्या आकड्यानुसार अर्ध्या ब्राइटनेसला ६ तास आणि पूर्ण ब्राइटनेसला साडेतीन तास, आणि दिवसा आपण पूर्ण ब्राइटनेसच वापरणार, तेव्हा हे बाईकच्या करंटवर लावूनच वापरायचं युनिट आहे. बॅटरी चटकन काढून दुसरी घालता येत नाही. वजन २६२ ग्रॅम, म्हणजे माउंट मजबूत हवं. आणि कॉम्प्युटरवर आखायला जे गार्मिन बेसकॅम्प आहे ते शक्तिशाली आहे पण जुन्या वळणाचं, शिकायला वेळ लागतो. २०२३ मध्ये याचा पुढचा एक्सटी२ आला, स्क्रीन ६ इंची झाली आणि सगळा कारभार ट्रेड नावाच्या फोन अॅपभोवती फिरायला लागला. ज्यांना सगळं फोनवरून करायचंय त्यांना तो आवडेल, मला मात्र फाइल केबलने टाकली आणि ती तिथेच आहे याची खात्री झाली की बरं वाटतं. स्क्रीनच्या फरकासाठी एक्सटी विकून एक्सटी२ घ्यावा असं मला वाटत नाही.

टॉमटॉम रायडर ५५०, हे २०१८ चं, रस्त्यावर वळणदार राउटिंग फार छान करतं, वळणं आणि चढ यांचं प्रमाण निवडायचं आणि निघायचं, वापरायला एकदम सोपं. पण स्क्रीन ४.३ इंची आणि ४८० बाय २७२ ची, आणि ट्रॅक, उंचीच्या रेघा, कच्च्या वाटा यात ते फारसं पडत नाही. शंभर टक्के डांबरीवर असाल तर ठीक, ऑफरोडचा विचार मनात असेल तर नको. बीलाइन मोटो हे छोटं गोल यंत्रही तसंच, बाण दाखवतं, दिसायला सुबक, शहरात मस्त, पण डोकं सगळं फोनमधलंच असतं. कारप्लेचे (म्हणजे आयफोनवरची अॅप दुसऱ्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या सोयीचे) वेगळे स्क्रीन मिळतात तेही शेवटी फोनचीच सावली, फोन खिशात सुरक्षित राहतो हा फायदा मोठा आहे आणि त्यासाठी काही जणांना ते पटेल, पण त्यावर ट्रॅक बघायचा तर अॅपने कारप्लेला तशी सोय दिलेली हवी, ती आधी तपासा.

मग उरतं मोंटाना. गार्मिन मोंटाना ७०० मालिका, हीसुद्धा २०२० ची, ५ इंची, ४८० बाय ८००, आणि हिचा पिंडच वेगळा, हे मुळात हातात घेऊन फिरायचं युनिट आहे जे बाईकवरही लागतं. स्क्रीन ट्रान्सफ्लेक्टिव्ह, म्हणजे बाहेरचं ऊनच वापरून ती उजळते, घरात बघाल तर एक्सटीपुढे फिकी वाटेल पण भर उन्हात वाचता येते. बॅटरी जीपीएस मोडमध्ये १८ तासांपर्यंत, काढता येते, आणि एए सेलचा पॅकही वेगळा मिळतो, म्हणजे बाईकची बॅटरी मेली तरी तुम्ही युनिट काढून चालत निघू शकता. ज्यांचं चालवणं ७०-८० टक्के कच्च्यावर आहे, हलकी बाईक आहे, बाईक ठेवून पुढे डोंगर चढायचा असतो, त्यांनी एक्सटी नको, मोंटानाच घ्या. रस्त्यावर मात्र तिचं नेव्हिगेशन झूमोइतकं सुटसुटीत नाही, मेनूत खोल शिरावं लागतं, आणि सेटिंग इतक्या आहेत की घरी बसून एक प्रोफाइल रस्त्याचं आणि एक कच्च्याचं असं बनवून ठेवल्याशिवाय मजा येत नाही. टच नकोच असं म्हणणाऱ्यांसाठी जीपीएसमॅप २७६सीएक्स होतं, ५ इंची आणि सगळी बटणं, चिखलाने माखलेल्या ग्लोव्हनेही चालणारं, चांगल्या स्थितीत जुनं मिळालं तर आजही विचार करण्यासारखं.

मोंटानाच्या ७००आय आणि ७५०आय मध्ये इनरीच आतच येतं, म्हणजे इरिडियमच्या ६६ सॅटेलाइटच्या जाळ्यावरून नेटवर्क नसतानाही मेसेज आणि एसओएस, त्याला वेगळं सबस्क्रिप्शन लागतं. ऐकायला आकर्षक आहे, पण माझं मत ठाम आहे की एसओएसचं यंत्र बाईकवर नसावं. तुम्ही पडलात, बाईक घसरत वीस फूट खाली गेली, पाय अडकलाय किंवा मोडलाय, आणि एसओएसचं बटण हँडलवर. त्याचा काय उपयोग? छोटं इनरीच मिनी जॅकेटच्या छातीच्या पट्ट्याला अडकवा, एक्सटीशी ते जोडताही येतं म्हणजे मेसेज मोठ्या स्क्रीनवर दिसतात, आणि बटण कायम अंगावर राहतं. एकटे फिरणाऱ्यांनी पैसे स्क्रीनवर कमी आणि यावर आधी घालावेत.

अँड्रॉइडचा मार्ग हा दुसरा खरा पर्याय आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. मजबूत बांधणीचा जुना फोन किंवा सॅमसंग टॅब अॅक्टिव्ह ३ सारखा टॅब्लेट, आयपी६८ म्हणजे धूळ-पाण्यापासून सुरक्षित, ग्लोव्हज मोड आहे, बॅटरी काढता येते, त्यावर ऑसमअँड किंवा लोकस मॅप किंवा खास बाईकसाठी बनवलेलं डीएमडी२. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, आणि कच्च्या वाटांच्या बाबतीत हा नकाशा बऱ्याच ठिकाणी विकतच्या नकाशांपेक्षा पुढे असतो कारण तिथून चालत, सायकलने, बाईकने गेलेल्या लोकांनीच तो भरलाय. त्यात कच्च्या रस्त्याला ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रतवारी असते, १ म्हणजे घट्ट पक्का आणि ५ म्हणजे मऊ माती, गवत. ही प्रतवारी बघून रूट आखायची सवय लावा, पावसानंतर ग्रेड ४-५ वर भरलेल्या पॅनियर (बाईकच्या बाजूच्या सामानाच्या पेट्या) घेऊन शिरायचं का हे घरीच ठरतं. (गार्मिनमध्येही ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले नकाशे फुकट टाकता येतात, तेव्हा कंपनीच्या नकाशावर अडून राहायची गरज नाही.) ट्रॅक दाखवण्यात ऑसमअँड तर मला सगळ्यात आवडतं, रेघेची जाडी, रंग, रेघेवर दिशेचे बाण, सगळं हवं तसं. या मार्गाची अडचण एकच, सगळं जमवून तुम्ही आणायचं. माउंट तुमचं, चार्जिंग तुमचं, पाण्यापासून वाचवणं तुमचं, अपडेटने काही बदललं तर शोधणंही तुमचं. ज्याला यात रस आहे त्याच्यासाठी हा मार्ग उत्तम आहे. ज्याला चावी फिरवली की नकाशा दिसला पाहिजे एवढंच हवंय त्याने खास युनिट घ्यावं.

माउंट आणि करंट यावर लोक शेवटी उरलेल्या वेळात बघतात, ते बरोबर नाही. युनिट शक्य तितकं वर लावा, मीटरच्या वर, नजरेच्या रेषेत. टाकीवर किंवा हँडलच्या खालच्या बाजूला लावलं की प्रत्येक वेळी मान खाली जाते आणि तेवढा वेळ रस्ता दिसत नाही. बऱ्याच अॅडव्हेंचर बाईकना मीटरच्या वर आडवी दांडी असते, ती यासाठीच. पाठीमागे चार भोकांचा ३० बाय ३८ मिलिमीटरचा एएमपीएस नमुना असेल तर बहुतेक कंपन्यांची माउंट एकमेकांना लागतात. रॅम कंपनीच्या माउंटचा १ इंची बॉल झूमोला पुरतो, त्याहून जड टॅब्लेटला दीड इंची घ्या, आणि माउंटचा हात आखूड घ्या, लांब हात खडबडीत रस्त्यावर हळूहळू खाली झुकतो. आणि काहीही असो, एक छोटी दोरी बांधाच, युनिटच्या कडीतून हँडलला. क्लिप उडाली तर युनिट दोरीला लटकतं, रस्त्यावर पडून मागच्याच्या चाकाखाली जात नाही.

करंट स्विच्ड घ्या, म्हणजे चावी बंद की युनिटचं चार्जिंग बंद, नाहीतर बाईक काही दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. फ्यूज बॅटरीच्या जवळ लावा, युनिटच्या जवळ नव्हे, कारण मधली वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूजने तिलाच वाचवायचं असतं. वायर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघून मगच बांधा. साध्या मायक्रो यूएसबीच्या पिनवर भरवसा ठेवू नका, थरथरीने ती सैल होते आणि चार्जिंग येतंय जातंय असं सुरू होतं. झूमोसारख्या युनिटमध्ये करंट माउंटमधल्या पिनांतून येतो, युनिट नुसतं खटकन बसवायचं, पावसाळी प्रवासात या एका गोष्टीचं मोल फार आहे.

वॉटरप्रूफचंही बघून घ्या. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, पावसाला भरपूर झालं. पण ही चाचणी स्थिर पाण्याची, जोराच्या फवाऱ्याची नाही, म्हणून बाईक प्रेशरने धुताना युनिट काढून ठेवा आणि माउंटवर झाकण लावा. आणि एक्स म्हणजे धुळीबद्दल काही सांगितलेलं नाही, तेव्हा धुळीत चालवत असाल तर पोर्टची रबरी झाकणं नीट बसतात ना हे बघत जा.

जुनं घ्यायचं असेल तर आधी तारीख बघा, म्हणजे युनिट मोकळ्या आभाळाखाली चालू करून ते आजची तारीख दाखवतंय का. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, शेवटचा असा बदल ६ एप्रिल २०१९ ला झाला, आणि ज्या जुन्या युनिटना त्यासाठीचं सॉफ्टवेअर मिळालं नाही त्यांची तारीख गडबडते आणि पोचायच्या वेळा, सूर्यास्त, ट्रॅकच्या नोंदी सगळं चुकतं. मग माउंटच्या पिना गंजल्यात का, बॅटरी फुगून पाठ उचलली गेलीय का, झाकणं फाटलीत का. "लाइफटाइम मॅप्स" लिहिलं असलं तरी ते आयुष्य कंपनी त्या मॉडेलला जोवर सपोर्ट देते तोवरचं, म्हणून त्या मॉडेलला अजून अपडेट येतात का हे कंपनीच्या साइटवर बघा. जुन्या हॅन्डहेल्डमध्ये एका ट्रॅकला १०,००० पॉइंटची मर्यादा असायची, लांब ट्रॅक टाकला की शेवट कापला जातो, तेव्हा ट्रॅक दिवसागणिक तुकडे करून टाका.

आणि दुकानात असो की ओळखीच्याकडे, पैसे देण्याआधी स्वतःचा ट्रॅक टाकून बघा. मुद्दाम असा ट्रॅक घ्या जो एकाच जागेवरून दोनदा जातो, आठच्या आकड्यासारखा स्वतःला छेदतो, आणि कुठेतरी आत जाऊन त्याच वाटेने परत येतो. चांगलं युनिट तो तसाच दाखवेल. काही युनिट छेदावर गोंधळतात आणि मधला अख्खा फेरा गाळून सरळ शेवटाकडे पाठवतात. मग बाहेर या, उन्हात धरा, तुमचे रोजचे ग्लोव्हज घाला, झूम करा, नकाशा सरकवा, परत स्वतःच्या जागेवर या. हे ग्लोव्हज न काढता जमलं की मग बॅटरी आणि ब्लूटूथचं विचारा.

ग्रुपने निघणार असाल तर सगळ्यांना रूट नको, ट्रॅकच पाठवा, पंप आणि पाण्याचे वेपॉइंट त्याच फाइलमध्ये, आणि तीच फाइल खिशातल्या फोनवर ऑफलाइन नकाशासह आधीच उघडून बघून ठेवा, सगळ्यांनी. जुलै २०२० मध्ये रॅन्समवेअर हल्ल्याने गार्मिनच्या ऑनलाइन सेवा काही दिवस बंद होत्या, सिंक होत नव्हतं, पण ज्यांच्या युनिटमध्ये नकाशे आणि ट्रॅक आधीच उतरवलेले होते त्यांचं नेव्हिगेशन त्याने अडलं नाही. क्लाउडवरून ऐनवेळी उतरवू म्हणून काही शिल्लक ठेवू नका, निघायच्या आदल्या रात्री फोन एअरप्लेन मोडवर टाकून युनिट आणि फोन दोन्हीवर पूर्ण ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकवून बघा, मधे कुठे नकाशा कोरा दिसला तर तो तुकडा तेव्हाच उतरवून घ्या.